कहूच्या झाडापलीकडची शीव

टीव्हीवर हवामान सांगणारी मुलगी नेहमी आमच्या जिल्ह्यासमोर उभी राहते. कोकणातले ढग दिसतात, पुण्याच्या तुरळक सरी दिसतात, मराठवाड्याचं ऊन दिसतं. नकाशाचं उजवं टोक मात्र तिच्या खांद्यामागं जातं. गोंदियात पाऊस आहे की नाही, हे आम्ही खिडकीतून बघून घेतो. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून ही गोष्ट मला जरा जास्तच लागते. बायको म्हणते, "तिले का माहीत, तुम्ही तिच्या मागं बसून आहा म्हनून?"

शाळेतल्या नकाशाचीही तीच गत होती. गुंडाळून, उलगडून, भिंतीला घासून त्याची उजवी कड सगळ्यात आधी फाटली आणि मी तिला चिकटपट्टी लावली. मुलं विचारायची, "सर, आपलं गाव कुठं हाये?" मी चिकटपट्टीवर बोट ठेवायचो. पुढं ती पिवळी पडली आणि आमचा तालुका कायमचा धुक्यात गेला.

देशाच्या आणि राज्यांच्या सीमा कशा ठरल्या, हा धडा मी दरवर्षी शिकवायचो. पुस्तकात डोंगर होते, नद्या होत्या, राजे होते, आयोग होते. आमच्या गावाला पुस्तकाची फारशी गरज नव्हती. आजोबा जन्मले तेव्हा आम्ही मध्यप्रांतात होतो आणि राजधानी नागपूर होती. इंग्रज गेले, प्रांताचा मध्यप्रदेश झाला, राजधानी नागपूरच राहिली. मग भाषेप्रमाणे राज्यं करायची ठरली. आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला, नदीपलीकडचा बालाघाट मध्यप्रदेशातच राहिला, आणि त्यांची राजधानी भोपाळला गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत महाराष्ट्र झाला. पुढं भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला, तिकडे छत्तीसगडही निघालं. एवढ्या सगळ्या उलथापालथीत आमच्या घराचं दार जिकडं होतं तिकडंच, पूर्वेला, नदीकडे तोंड करून राहिलं.

भाषेवरून रेघ मारली असं मी मुलांना सांगायचो, कारण तसं सांगावं लागतं. खरं तर बाघ नदीच्या दोन्ही काठांवर लोक घरात सारखंच बोलतात. थोडी पोवारी, थोडी झाडीबोली, आणि गोंदियाच्या बाजारात पाय ठेवला की हिंदी. रेघ मारणाऱ्यांना हे कोणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असेल आणि त्यांना कुठंतरी थांबायचंच असेल. नदी समोर आली, ते थांबले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तिथंच थांबलो असतो. ऊन फार असतं इकडे.

पण सरकारची हद्द वेगळी आणि गावाची शीव वेगळी. आमच्या गावाची शीव नदीच्या बरीच अलीकडे, एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली आहे. तिथं शेंदूर फासलेला दगड आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं पळसाच्या फांद्यांची नारबोद, म्हणजे पीडेची बाहुली, करतात, गावभर ओढत नेतात आणि "खाज, खरूज, माशी, मच्छर घेऊन जा गे नारबोद" असं ओरडत त्या मोहापलीकडे फेकून देतात. गावातली पीडा तिथं संपते, म्हणून गावही तिथं संपतं, असा सरळ हिशेब. या दोन हद्दींमध्ये अर्धा कोस जमीन आहे, आणि तेवढ्या जमिनीनं आमच्या घराला जो ताप दिला तो शेजारच्या भाऊबंदांनीही दिला नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, नदीपलीकडच्या गावात दिली. मी तेव्हा सातवीत होतो. मे महिना होता, नदीत वाळूच वाळू. वरात बैलगाड्यांनी येणार होती आणि रिवाजाप्रमाणे मुलीच्या बापानं शिवेवर जाऊन नवरदेवाचं सीमांतपूजन करायचं होतं. आता ते हॉलच्या फाटकात उरकतात. तेव्हा खरोखर शिवेवर जात.

आमचे वडील वाजंत्री, पाण्याचा गडवा, हळदकुंकू असं सगळं घेऊन मोहाखाली उभे राहिले. त्यांच्या लेखी शीव ती. वरात आली आणि नदीच्या मध्यावर, भर वाळूत थांबली. त्यांच्या गावात नव्यानं बदलून आलेले एक गुरुजी होते, त्यांनी सांगितलं होतं की दोन राज्यांची सीमा नदीच्या मध्यावर असते. म्हणजे मुलीकडचे लोक तिथं यायला हवेत. दोघांच्या मध्ये पळसाचं रान आणि नदीची उंच दरड. इकडून तिकडचं दिसत नव्हतं. वडील म्हणत होते, वरात अजून कशी आली नाही. तिकडे नवरदेव घामानं भिजत म्हणत होता, घ्यायला अजून कसे आले नाहीत.

शेवटी एकमेकांकडे माणसं धावली. वरातीकडचा निरोप आला, "शिवेवर येऊन घेऊन जा." वडिलांनी उलट निरोप धाडला, "मी शिवेवरच उभा आहो." असे निरोप किती वेळा आले नि गेले कोण जाणे. मुहूर्त टळायला आला तेव्हा वरातीतल्या म्हाताऱ्यांनी गम खाल्ला आणि गाड्या पुढं हाकल्या. मोहाखाली पूजन झालं. दुर्दैवानं झाडामागच्या खड्ड्यात आदल्या पोळ्याच्या नारबोदीच्या वाळक्या फांद्या तशाच पडलेल्या होत्या. नवरदेवाच्या काकाचं लक्ष तिकडे गेलं. "जिथं खाज-खरूज फेकता, तिथं आमची पूजा करता का जी?" असं तो म्हणाला, आणि आमच्यातला कोणीतरी हसला. तो कोण होता हे पुढं कधीच कबूल झालं नाही. गावात आजही चार जणांची नावं घेतली जातात.

 दुसऱ्या दिवशी पाठवणीची गाडी मोहाखालून गेली तेव्हा नवरदेव खाली उतरला, वडिलांच्या पाया पडला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आजपासून तुमच्या हद्दीत माझा पाय पडणार नाई. शिवेवर येऊन मले घ्यान, त्या दिवशी पाहू." वडीलही काही कमी नव्हते. "मी शिवेवरच होतो," एवढंच ते बोलले. दोघेही सरळ माणसं, आणि सरळ माणसांचं भांडण मिटत नाही.

भाऊजींनी शब्द पाळला. पण ते बाईला माहेरी येऊ देत नसत, असं मात्र कोणी समजू नये. ते स्वतः तिला घेऊन येत. आधी बैलगाडीनं, मग सायकलवर डबलसीट, मग मोटरसायकलनं. नदीच्या धारेला लागून एक सपाट काळा दगड आहे. तिथवर आणत, तिला उतरवत आणि मागं फिरत. मी अलीकडे छत्री घेऊन उभा असे. पावसाळ्यात नदी भरली की लांबून, मोठ्या पुलावरून येत आणि पुलाच्या बरोबर मध्यावर थांबत. मागून ट्रकवाले शिव्या घालत, पण गाडी एक वीतही पुढं जात नसे.

माझ्याशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. धारेच्या त्या बाजूनं विचारत, "काऊन मास्तर, धान कसा हाये यंदा?" मी सांगायचो. ते आंबे द्यायचे, चारोळ्या द्यायचे, एकदा तर गायीचं वासरू दिलं. मी म्हणायचो, "भाऊजी, चहा तरी घेऊन जा." ते मान हलवायचे, दुपट्टा झटकायचे आणि गाडीला किक मारायचे. वडील गेले तेव्हाही ते दगडापर्यंत आले, तिथंच उन्हात बसून राहिले, आणि आम्ही स्मशानातून परत येईपर्यंत उठले नाहीत. मला त्या दिवशी त्यांचा राग आला आणि मायाही वाटली, दोन्ही एकदम.

आता यात भूगोल कुठं येतो ते सांगतो. बाईच्या लग्नानंतर काही वर्षांनी बाघ नदीला मोठा पूर आला. पाणी ओसरलं तेव्हा नदी आमच्या बाजूला सरकलेली दिसली. जुनं पात्र पलीकडे कोरडं पडलं. त्याच्या काठावर एक भलंमोठं अर्जुनाचं झाड आहे, आम्ही त्याला कहू म्हणतो. लोक त्या कोरड्या पात्राला बुढी नदी म्हणू लागले आणि तिथं, अलीकडच्या वाळूतही, टरबूज, काकडी लावू लागले. पाणी सरकलं तशी लोकांनी मनातली हद्दही सरकवून टाकली. जिथं धार, तिथं मध्यप्रदेश सुरू. भाऊजींचा काळा दगडही या नव्या धारेचाच.

बऱ्याच वर्षांनी नदीवर रपटा, म्हणजे पुरात बुडणारा ठेंगणा पूल, बांधायचा ठरला आणि दोन्ही राज्यांचे मोजणीवाले आले. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी छत्री घेऊन त्यांच्यामागं हिंडलो. मला तर ते लग्नाच्या वरातीसारखंच वाटत होतं. त्यांनी खांब रोवले, दुर्बिणीतून पाहिलं, आणि निकाल दिला तो मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेलाच होता, फक्त माझ्याच गावाला लावून पाहिला नव्हता. नदी हळूहळू सरकली तर हद्द तिच्यासोबत सरकते. एकाच पुरात उडी मारली तर हद्द जुन्याच जागी राहते. म्हणजे दोन राज्यांची सीमा अजूनही बुढी नदीतच, कहूच्या झाडाला लागून. मग रपट्याचा खर्च कोणाच्या अंगावर, यावर दोन्हीकडचे साहेब असे काही बोलू लागले की रपटा आजपर्यंत झालेला नाही.

मी मात्र तिथंच वाळूत बसलो आणि पोट धरून हसलो. कहूचं झाड काळ्या दगडाच्या बरंच पलीकडे आहे. भाऊजी इतकी वर्षं ज्या दगडावर पाय टेकून महाराष्ट्रात न येण्याची शपथ पाळत होते, तो दगड महाराष्ट्रात होता. महिन्या-दोन महिन्यांनी ते आमच्या हद्दीत येत होते, बसत होते, पाणी पीत होते आणि स्वाभिमानानं परत जात होते.

घरी येऊन मी हे फक्त बायकोला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "त्यायले सांगू नोका. उद्यापासून कहूच्या झाडापाशी बाईले उतरवतीन, अन् तिले एवढ्या वाळूतून पायी चालत यावं लागन." बायकोला भूगोल येत नाही, पण नकाशा तिला नेहमी माझ्याआधी समजतो. मी गप्प बसलो. गप्प बसण्यात मजाही होती, हे लपवत नाही. भाऊजी दगडावर उभे राहून ऐटीत दुपट्टा झटकत, तेव्हा मी मनात म्हणायचो, या या, बसा, घर आपलंच आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या पोरीचं लग्न ठरलं. ती गोंदियात नर्स आहे. मुलगा तिथंच नोकरीला, दोघांचं आपसात जमलं होतं, आम्ही फक्त हो म्हणायचं बाकी होतं. गंमत अशी की मुलगा भाऊजींच्याच गावचा निघाला, त्यांच्या चुलतभावाचा नातू. भाऊजी त्या सगळ्या भाऊबंदकीत वडीलधारे. म्हणजे वरातीचे म्होरके तेच.

बाई तेव्हा माहेरी आलेली होती. सपरीत, म्हणजे ओसरीवर, ऊन खात, शेंगा सोलत बसली होती. तिचे केस आता पूर्ण पांढरे झालेत. शेंगांवरची नजर न उचलता ती म्हणाली, "माह्यं एक काम करजो. मले दुसरं काई नोको. मरायच्या आधी एकदा या घरात त्यायचं पान वाढलेलं पाहाचं हाये."

मी म्हटलं, "बाई, ते येतीन का?"

"तुहं तू पाह्य," ती म्हणाली. "मी सगळ्यायच्या घरी जेवली त्यायच्यासंगं. नातेवाईक, सोयरे, कचारगडच्या जत्रेत अनोळखी लोकायसंगंही जेवली. फक्त माह्या बापाच्या घरी मी नेहमी एकटीच जेवली."

तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. शेंगा चांगल्या भरल्या आहेत असं सांगावं तसं सांगितलं. मी उठून मागच्या वाडीत गेलो, कारण डोळे भरून आले होते आणि साठी उलटलेल्या माणसानं बहिणीसमोर रडू नये असं मला वाटत होतं. आता तसं वाटत नाही.

मी ठरवलं की सीमांतपूजन नदीवर करायचं, काळ्या दगडापाशी. वडिलांची मोहाखालची शीव वडिलांसोबत गेली. भाऊजी ज्याला सरकारी हद्द मानतात तिथं मी जाणार, मान देणार, पाय धुणार. पलीकडे निरोप धाडला. मुलाच्या मित्रांनी ते उचलून धरलं, कारण त्यांना वाळूत ड्रोननं शूटिंग करायचं होतं. भाऊजींचा निरोप आला, "वरात घेऊन दगडापर्यंत येतो. पुढचं पुढं पाहू." बाई हे ऐकून नवं लुगडं काढायला गेली.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की वाळूवर चप्पल चिकटत होती. आम्ही गावातले दोन-अडीचशे लोक अलीकडे. बँड, गडवा, ताट, पाच सवाष्णी. वरात ट्रॅक्टरांवरून आली. डीजेची गाडी लांबून पुलावरून गेली होती, त्यामुळे थोडी शांतता होती. ट्रॅक्टर धारेपलीकडे थांबले. नवरदेव उतरला, त्याच्या पुढं भाऊजी. पांढरं धोतर, नवा दुपट्टा, पंचाहत्तरीचा माणूस पण कणा ताठ. ते येऊन दगडापाशी उभे राहिले. धार घोट्याएवढी होती. मी ती ओलांडून ताट घेऊन त्यांच्यासमोर गेलो. बाई वरातीबरोबरच आली होती. ती त्यांच्यामागं दोन हातांवर उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

मी वाकलो, गडवा उचलला, आणि भाऊजी म्हणाले, "थांब."

बँडवाल्यांनी वाजवणं बंद केलं.

"मास्तर, एक सांग. तू भूगोल शिकवला जन्मभर. मागच्या वेळी शिवेवरूनच सगळं बिघडलं होतं. हे खरंच शीव होय ना? पक्कं?"

त्या क्षणी मला काय काय दिसलं! हो म्हटलं असतं तर काम झालं होतं. पाय धुतले असते, ते धार ओलांडून आले असते, बाईला हवं ते मिळालं असतं. बायको सवाष्णींत उभी राहून डोळ्यांनी सांगत होती, हो म्हना, हो म्हना. पण असा खोटेपणा घेऊन मी त्यांचं पान वाढायचं? वडिलांचा हट्ट चुकीचा असेल, पण ते जिथं उभे होते तिथं खरोखर उभे होते. आणि माझं म्हणाल तर, हद्दीविषयी कोणी विचारलं आणि मी चुकीचं उत्तर दिलं, असं आयुष्यात कधी झालेलं नाही. माझा स्वभावच आडवा आला.

"नाही, भाऊजी," मी म्हटलं. "हद्द इथं नाही. ती तिकडे, बुढी नदीत, कहूच्या झाडापाशी. पुरात नदी सरकली, हद्द सरकली नाही. तुम्ही आता आमच्याच हद्दीत उभे आहा."

त्यांनी विचारलं, "आता? का आधीपासून?"

"तो पूर आला तेव्हापासून."

"म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या हद्दीत येऊन राहिलो?"

"हो."

"अन् तुले माहीत होतं?"

"मोजणीवाले आले तेव्हापासून."

मागं कोणीतरी खुदकन हसलं. लग्नात एक तरी हसणारा असतोच, तेव्हाही होता.  भाऊजींनी त्या हसणाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते काळ्या दगडाकडे बघत होते. मग दुपट्टा खांद्यावर टाकला, पाठ फिरवली आणि चालायला लागले. त्यांच्या गावाकडे.

 नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून बावरून बघत होता. बायकोनं कपाळाला हात लावला. बाई जागची हलली नाही, फक्त तिच्या हातातली लाह्यांची टोपली तिरपी झाली आणि लाह्या वाळूत सांडल्या. मला वाटलं, झालं. बापानं एक वरात घालवली, लेकानं दुसरी. खरं बोललो याचा आनंद तर सोडाच, मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

भाऊजी टरबुजांच्या वेलांमधून जपून पाय टाकत गेले. कहूच्या झाडाखालून गेले. कोरड्या पात्रात उतरले, पलीकडच्या काठावर चढले. आणि तिथं थांबून, सावकाश मागं वळले. दोन्ही हात पाठीमागं बांधले, आणि तिथून हाक मारली. त्यांचा आवाज लहानपणापासून गुरं हाकलेल्या माणसाचा, वाळूवरून सगळ्यांना ऐकू आला.

"काऊन मास्तर, या ना! घ्या ना मले शिवेवर येऊन!"

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही, म्हणजे क्रमानं आठवत नाही. मी ताट घेऊन धावत सुटलो हे खरं. चप्पल वाळूतच राहिली. बँडवाले ढोल डोक्यावर घेऊन मागं पळाले. अडीचशे माणसं टरबुजांच्या वाडीतून चालली. ज्याची वाडी होती तो ओरडत होता, मग त्यानंही एक टरबूज फोडून वाटायला सुरुवात केली. ड्रोन वर भिरभिरत होता. वरातीतली पोरं विचारत होती, इकडे कुठं चाललो आपण, आणि त्यांचे म्हातारे सांगत होते, शिवेवर. नवरदेवही उलटा चालत आपल्याच गावाच्या दिशेनं गेला आणि पुन्हा बाहेरून आल्यासारखा भाऊजींशेजारी उभा राहिला.

मी बुढी नदीच्या काठावर बसून भाऊजींचे पाय धुतले. रिवाजात आधी नवरदेव येतो. पण नवरदेवानंच त्यांना पुढं केलं, शहाणं पोरगं आहे. भाऊजींच्या टाचा भेगाळलेल्या, गरम वाळूत तापलेल्या. पाणी ओतलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी कुंकू लावलं, दुपट्टा दिला, आणि माझ्या वडिलांच्या वतीनं हात जोडले. तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुहा बाप चांगला मानूस होता गा. उगाच मोहाखाली उभा रायला." मग त्यांनी पात्र ओलांडलं. मधोमध एकदा खाली पाहिलं, पायाखाली काही आहे का ते बघितल्यासारखं. तिथं काहीच नव्हतं, वाळू आणि शेणाचा एक पो.

गावात आल्यावर मोहाच्या झाडाखाली ते थांबले. दगडाला हात लावून नमस्कार केला. मी आदल्या दिवशीच झाडामागचा खड्डा झाडून साफ करवून घेतला होता. त्यांनी खड्ड्यात डोकावलं, माझ्याकडे बघितलं आणि मिशीत हसले.

लग्न लागलं. पंगती बसल्या. आमच्याकडे आता खुर्ची-टेबलावर जेवण असतं, पण भाऊजींसाठी मी सपरीत आसन टाकलं आणि पळसाची पत्रावळ मांडली. भात, वरण, वांग्या-बटाट्याची भाजी, कढी, पुरी, बुंदीचे लाडू. वाढायला मी स्वतः. बायकोनं बाईला माजघरातून हाताला धरून बाहेर आणलं, म्हणाली, "चला, पाहा एकदाचं." बाई दारात उभी राहिली. इतक्या वर्षांपासून जे बघायचं होतं ते समोर होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, आता ही रडणार म्हणून.

बाई म्हणाली, "दुसरा लाडू कोनाले इचारून घेतला जी तुम्ही? शुगर हाये ना!"

भाऊजींनी मुकाट्यानं लाडू पत्रावळीच्या कडेला ठेवला. मग ती त्यांच्यासमोर भुईवर बसली, पदरानं माशा वारत राहिली आणि ते कढीचा भुरका मारत जेवत राहिले. मी म्हटलं, बाई, तुझंही पान वाढतो. ती म्हणाली, वाढ. दोघं समोरासमोर जेवली. मला इतकं बरं वाटलं की मी वाढणं सोडून तिथंच भिंतीला टेकून बसलो, आणि पुढच्या पंगतीला वरण संपलं असं ओरडत लोक मला शोधत होते.

आठवड्याभरानं बाईला पुन्हा यायचं होतं, पोरीचं राहिलेलं सामान न्यायला. सवयीनं मी छत्री घेऊन नदीवर गेलो. पलीकडून मोटरसायकल आली, वाळूत डुलत, टरबुजांच्या वाडीला वळसा घालून, आणि काळ्या दगडापाशी थांबली. भाऊजींनी नेहमीप्रमाणे एक पाय दगडावर टेकवला. नेहमीप्रमाणे विचारलं, "काऊन मास्तर, उन्हाळी धान निघाला का?" मी सांगितलं, निघाला. आणि बाई उतरायची वाट बघत छत्री उघडून उभा राहिलो.

बाई उतरली नाही. मागं बसून राहिली, पिशवी मांडीवर घेऊन.

"उतर ना," भाऊजी म्हणाले.

"उतरू कायले? घरापर्यंत चला."

भाऊजींनी दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पाय वर घेतला, गिअर टाकला आणि पाणी उडवत धार पार करून माझ्या शेजारून निघून गेले. मला बसा म्हणायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. तसंही गाडीवर तिसऱ्याला जागा नव्हती. मी छत्री मिटली आणि चालत निघालो. मोहाखालून घरी पोचलो, तोवर दोघांचा चहा पिऊन झाला होता.